फेकून दिलेल्या वस्तूचा मालक कोण?

डिसेंबर २०११ मध्ये ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे दोन गहाळ भाग सापडल्याचे जाहीर झाले. एक भाग १९६५ सालचा होता, दुसरा १९६७ सालचा. दोन्ही बीबीसीकडे नव्हते. ते मिळाले एका निवृत्त अभियंत्याच्या घरी. या गृहस्थांनी १९८० च्या दशकात साउदॅम्प्टन परिसरातल्या एका शाळेच्या जत्रेत जुन्या फिल्मची काही रिळे विकत घेतली होती, आणि आपल्याकडे जे आहे ते बीबीसीकडेही नाही, याची त्यांना पंचवीसएक वर्षे कल्पना नव्हती. ओळखीच्या माणसाशी बोलता बोलता विषय निघाला, म्हणून ही रिळे उजेडात आली.

बातमीचे सर्वत्र स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. मात्र त्या आनंदात एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. बीबीसीच्या मालकीची, फक्त परदेशी वाहिन्यांना भाड्याने देण्यासाठी काढलेली फिल्म शाळेच्या जत्रेतल्या विक्रीच्या टेबलावर पोहोचली कशी? कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहिले तर वाटेत कुठेतरी कोणीतरी ती परवानगीशिवाय उचलली असणार, आणि त्यानंतर ज्याच्या ज्याच्या हातातून ती गेली त्या प्रत्येकाच्या मालकीला ती खोट लागलेली होती. हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही हे शहाणपणाचे झाले. माझे म्हणणे इतकेच आहे की, हे शहाणपण त्या त्या वेळच्या अधिकाऱ्याच्या सौजन्यावर सोडून चालणार नाही. गहाळ कार्यक्रम परत आणणाऱ्या संग्राहकाला संपूर्ण, लेखी आणि कायमचे अभय मिळाले पाहिजे, आणि त्याची फिल्म त्याच्याकडेच राहील याची हमीही मिळाली पाहिजे. प्रक्षेपण संस्थांनी ते उपकार म्हणून देऊ नये. ते त्यांचे देणे आहे.

देणे का, हे समजायचे तर हे कार्यक्रम नाहीसे कसे झाले ते पाहावे लागते. १९६० च्या दशकात ब्रिटिश टेलिव्हिजनवरील बहुतेक नाट्यमालिका दोन इंच रुंदीच्या चुंबकीय चित्रफितीवर मुद्रित होत. ही फीत महाग होती, आणि तिचा मोठा गुण असा मानला जाई की ती पुसून पुन्हा वापरता येते. कार्यक्रम एकदा दाखवला, फार तर आणखी एकदा दाखवला, की त्याचे काम संपले. पुनःप्रक्षेपणावर नटांच्या ‘इक्विटी’ या संघटनेबरोबरच्या कराराचे बंधन होते. जुने कार्यक्रमच पुन्हा पुन्हा दाखवले गेले तर नवे काम कोण देणार, ही नटांची भीती रास्त होती. पुढे नोव्हेंबर १९६९ मध्ये बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली, आणि कृष्णधवल कार्यक्रमांचे उरलेसुरले व्यापारी मोलही गेले असे ठरवले गेले. १९६७ पासून पुढच्या काही वर्षांत ‘डॉक्टर हू’च्या साठच्या दशकातल्या जवळपास सर्व मूळ चित्रफिती रीतसर कागदपत्रे होऊन, सह्या होऊन पुसल्या गेल्या.

तरीही सगळे संपले नव्हते. परदेशात विकण्यासाठी बीबीसीचा विक्री विभाग जवळपास प्रत्येक भागाची १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत काढत असे. पद्धत ओबडधोबड होती: पडद्यावर कार्यक्रम चालू करायचा आणि त्याच्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून तो टिपायचा. या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, सायप्रस, नायजेरिया अशा देशांत जात, आणि एका देशात दाखवून झाल्या की अनेकदा तिथूनच पुढच्या देशाकडे रवाना होत. विक्रीची मुदत संपली की प्रत परत करा, पुढे पाठवा किंवा नष्ट करा, असा करार असे. १९७० च्या दशकात विक्री विभागानेही आपल्याकडच्या प्रती नष्ट करायला सुरुवात केली. अभियांत्रिकी विभागाला वाटे, फिल्मच्या प्रती विक्री विभागाकडे आहेतच. विक्री विभागाला वाटे, मूळ फिती अभियांत्रिकी विभागाकडे असणारच. फिल्म ग्रंथालयाचा समज असा की, मुळात फिल्मवर चित्रित झालेले तेवढेच आपण सांभाळायचे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे तर घरे तीन होती.

१९७८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. टेलिव्हिजन कार्यक्रमांतून काय जपायचे हे ठरवण्यासाठी बीबीसीने प्रथमच एक स्वतंत्र पद निर्माण केले आणि त्यावर सू माल्डन यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास इयन लेव्हिन नावाचे मालिकेचे एक चाहते, जे व्यवसायाने संगीतनिर्माते होते, लंडनच्या ईलिंग भागातल्या विक्री विभागाच्या कार्यालयात पोहोचले. डालेक या मालिकेतल्या यंत्रासारख्या शत्रूंच्या पहिल्या कथेचे सातही भाग तिथे नष्ट करण्यासाठी बाजूला काढून ठेवलेले त्यांना दिसले. ते वाचले. पुसणे आणि जाळणे थांबले. तोवर झालेल्या हानीचा हिशेब असा आहे: पहिल्या सहा वर्षांत, १९६३ ते १९६९ या काळात, मालिकेचे २५३ भाग प्रक्षेपित झाले होते, आणि त्यानंतर पस्तीस वर्षे जगभर शोधाशोध होऊन, २०१३ सालचा मोठा शोध धरूनही, त्यातले ९७ गहाळ राहिले. एखाद्या लोकप्रिय मालिकेची ही गत असेल, तर ज्यांना चाहत्यांचे संघ नव्हते अशा एकांकिका, चर्चा, बायकांसाठीचे आणि शाळांसाठीचे कार्यक्रम यांचे काय झाले असेल, याचा विचार वाचकाने करावा.

आता या २५३ भागांपैकी जे परत आले ते कुठून आले ते पाहू. काही परदेशी वाहिन्यांच्या गोदामांतून आले. सायप्रस, नायजेरिया आणि १९९२ मध्ये हाँगकाँग. हाँगकाँगहून तर ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा चारही भागांसह अखंड परतली. उरलेले खासगी हातांतून आले. १९८३ मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात ‘द डालेक्स मास्टर प्लॅन’ या बारा भागांच्या कथेचे दोन भाग मिळाले. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका संग्राहकाकडे ‘द क्रुसेड’ कथेचा पहिला भाग निघाला. २००४ मध्ये बीबीसीच्याच एका माजी अभियंत्याने ‘मास्टर प्लॅन’चा आणखी एक भाग आणून दिला; १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फेकायच्या सामानातून त्यांनी तो घरी नेला होता. या ‘मास्टर प्लॅन’ कथेचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ती परदेशात कुठेही दाखवली गेली नव्हती. म्हणजे एखाद्या दूरच्या वाहिनीच्या गोदामात तिची प्रत निघण्याची आशा जवळजवळ शून्य होती. वर सांगितलेले तिन्ही भाग केवळ नियम मोडले गेले म्हणून आज पाहता येतात. प्रत्येक कर्मचाऱ्याने दिलेली आज्ञा प्रामाणिकपणे पाळली असती, तर त्या कथेतले एकही दृश्य शिल्लक राहते का, याविषयी मला दाट शंका आहे.

हीच गोष्ट इतर कार्यक्रमांची. ‘डॅड्स आर्मी’ या अत्यंत लाडक्या विनोदी मालिकेचे दोन भाग २००१ मध्ये परत आले. कोणीतरी कचऱ्यातून वाचवलेले ते डबे कित्येक वर्षे बागेतल्या शेडमध्ये गंजत पडले होते. गायक डेव्हिड बोवी यांनी जानेवारी १९७३ मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या संगीताच्या कार्यक्रमात सादर केलेले गाणे बीबीसीने पुसले, पण त्या दिवशीच्या कॅमेरामनने स्वतःसाठी एक प्रत काढून ठेवली होती, म्हणून ते २०११ मध्ये पुन्हा दिसले. एरिक मोरकँब या विनोदी नटाच्या घराच्या माळ्यावर २०२० मध्ये त्यांच्या मुलाला फिल्मचे डबे सापडले, आणि मोरकँब आणि वाइज या जोडीचा १९७० सालचा एक हरवलेला कार्यक्रम २०२१ च्या नाताळात प्रेक्षकांनी पाहिला. याच्या उलट टोकाचे उदाहरण विनोदी कलावंत पीटर कुक यांचे. आपल्या कार्यक्रमाच्या फिती पुसल्या जाणार हे कळल्यावर त्या विकत घेण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. ती नाकारली गेली आणि फिती पुसल्या गेल्या. ज्याने परवानगी मागितली त्याच्या हाती काहीच राहिले नाही. ज्यांनी ती मागितली नाही त्यांच्यामुळे आज काहीतरी उरले आहे.

कोणी म्हणेल, ही सगळी फिल्मची गोष्ट झाली. पण आवाजाचेही तसेच आहे. गहाळ असलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी उपलब्ध आहे, कारण साठच्या दशकात काही पोरे टेलिव्हिजनच्या कर्ण्यासमोर मायक्रोफोन धरून, घरातल्यांना गप्प बसवून, टेपरेकॉर्डरवर तो टिपत होती. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार चालू कार्यक्रमाचे पडद्यावरून फोटो काढून ते नटांना आणि दिग्दर्शकांना विकत. हरवलेल्या अनेक भागांचे रूप आज त्या फोटोंवरूनच कळते. ‘मार्को पोलो’ ही १९६४ सालची सात भागांची कथा पूर्णपणे नाहीशी झाली आहे. तिच्या बहुतेक भागांचे दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेले आणि बालपणाचा मोठा काळ मुंबईत घालवलेले, पंचविशीत होते, आणि मालिकेचा अगदी पहिला भागही त्यांचाच. चीनच्या दरबारातल्या त्या भव्य नेपथ्याची कल्पना आज स्थिरचित्रे आणि ध्वनी यांवरच करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून काही भागांतले सेकंदा-दोन सेकंदांचे तुकडे कापून काढले होते. भाग गेले, पण ते तुकडे सरकारी दप्तरात नीट जपले गेले आणि १९९६ मध्ये चाहत्यांना तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळाले. संपूर्ण भागात दाखवण्यास अयोग्य ठरले तेवढेच काय ते टिकले, असा हा प्रकार आहे.

मग संग्राहक घाबरतात कशाला? भाग परत आणणाऱ्यांचे बीबीसीने आजवर स्वागतच केले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण भीती इतिहासातून येते, आणि फिल्म गोळा करणाऱ्यांचा इतिहास सुखाचा नाही. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत एफबीआयने रॉडी मॅकडॉवल या नटाच्या घरावर छापा घालून त्याचा खासगी फिल्मसंग्रह जप्त केला. ब्रिटनमध्ये त्यानंतर काही वर्षांनी बॉब मंकहाऊस या घराघरांत ओळखीच्या विनोदी कलावंतावर तीच पाळी आली. मंकहाऊस हे हाडाचे संग्राहक. चित्रपट वितरकांना फसवण्याच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला, त्यांच्या फिल्म जप्त झाल्या आणि १९७९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला. ते निर्दोष सुटले. पण इतक्या प्रसिद्ध आणि पैसेवाल्या माणसाला फिल्म जवळ बाळगल्याबद्दल ओल्ड बेलीत उभे करतात, हा धडा त्या पिढीतला एकही संग्राहक विसरला नाही. डब्यांवरची नावे खोडली गेली, याद्या लपवल्या गेल्या आणि या वर्तुळातले लोक आपापसांतही जपून बोलू लागले.

याच मंकहाऊस यांनी १९६६ मध्ये, म्हणजे ही चैन फारच थोड्यांना परवडत होती तेव्हा, घरी चित्रफीत मुद्रण यंत्र घेतले होते. २००३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ३६,००० चित्रफिती होत्या. ‘कॅलिडोस्कोप’ या जुन्या कार्यक्रमांचा शोध घेणाऱ्या संस्थेने तो संग्रह ताब्यात घेऊन तपासला, तेव्हा त्यातून इतरत्र कुठेही नसलेले कार्यक्रम निघाले. ज्या माणसाला कायद्याने गुन्हेगार ठरवण्याचा प्रयत्न केला तोच देशाच्या स्मरणाची राखण करत होता, हे त्याच्या मृत्यूनंतर पाच-सहा वर्षांनी कळले. तो जिवंत असताना कोणी त्याला विचारले असते, तर त्या फितींविषयी त्याने जे सांगितले असते, ते मात्र गेले ते गेलेच.

कायद्याची बाजू मी हलक्याने घेत नाही. टाकून दिलेली वस्तू म्हणजे मालकी सोडलेली वस्तू, असे ब्रिटिश न्यायालये सहजासहजी मानत नाहीत. कचऱ्याच्या पेटीतली वस्तूही कोणाची तरी असतेच. शिवाय फिल्मचे रीळ आणि त्यावरचा कार्यक्रम यांची मालकी वेगवेगळी असते. रीळ माझे असले तरी ते लोकांना दाखवण्याचा हक्क माझा नसतो. हे दोन हक्क दोन हातांत अडकले आणि दोघेही अडून बसले की काय होते, याचा नमुना अमेरिकेत आहे. जानेवारी १९६७ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा पहिला ‘सुपर बोल’ सामना दोन वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवला आणि दोघांनीही आपापल्या फिती पुसल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने मात्र तो सामना आपल्या कामाच्या ठिकाणी मुद्रित करून फिती घरी आणल्या होत्या. कित्येक वर्षे त्या माळ्यावर होत्या. त्याच्या मुलाने दहा लाख डॉलर मागितले. फुटबॉल लीगने तीस हजार देऊ केले. आता लीगच्या परवानगीशिवाय मुलाला त्या फिती दाखवता येत नाहीत, आणि फितींशिवाय लीगकडे त्या दिवसाचे ते प्रक्षेपण नाही. न्यूयॉर्कच्या पॅली सेंटरने फिती दुरुस्त करून ठेवल्या आहेत. सामना वाचला आणि तरीही लोकांना मिळाला नाही.

या उदाहरणावरून काही जण निष्कर्ष काढतात की, संग्राहकांना बाजारभावाने पैसे द्या म्हणजे प्रश्न मिटेल. मला ते पटत नाही. ‘डॉक्टर हू’च्या २०१३ च्या शोधातच त्याचे उत्तर आहे. गहाळ कार्यक्रमांचा शोध घेणाऱ्या फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्राच्या खोलीत धूळ खात पडलेली रिळे मिळाली आणि त्यांतून नऊ गहाळ भाग परत आले. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा पूर्ण झाली. ‘द वेब ऑफ फिअर’चे सहापैकी पाच भाग हाती आले, तिसरा आला नाही. मॉरिस यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी प्रथम पाहिले तेव्हा सहाही रिळे तिथे होती, आणि ती बाहेर काढण्याच्या परवानग्या मिळेपर्यंतच्या काळात तिसरे नाहीसे झाले. फिल्मला किंमत आहे हे कळल्यावर ती एखाद्या श्रीमंत हौशी माणसाच्या तिजोरीत गेली असण्याचा संशय घेतला जातो, आणि तो निराधार वाटत नाही. खंडणीसारखी रक्कम एकदा मोजली की पुढच्या प्रत्येक रिळाचा लिलाव होतो. तेव्हा द्यायचे ते एवढेच: फिल्म स्वच्छ करण्याचा, तपासण्याचा, प्रत काढण्याचा आणि ने-आण करण्याचा सगळा खर्च संस्थेने सोसावा, आणि काम झाल्यावर फिल्म ज्याची त्याला परत द्यावी.

फिल्म परत देण्याचा आग्रह अनेकांना विचित्र वाटतो. मूळ प्रत अभिलेखागारात नको का, असे ते विचारतात. असावी, आणि संग्राहक राजी असेल तर आनंदच आहे. पण ती अट म्हणून घातली की माणूस दाराशी येतच नाही. ज्याने चाळीस वर्षे एखादे रीळ जपले, वर्षातून एकदा ते काढून उलट-सुलट गुंडाळले, प्रोजेक्टरवर लावून चार मित्रांना दाखवले, त्याचे त्या वस्तूशी नाते केवळ मालकीचे नसते. समाजाला हवे आहे ते त्या रिळावरचे चित्र. रीळ त्याच्या फडताळात राहिले तर समाजाचे काही बिघडत नाही. फक्त उत्तम प्रतीचे स्कॅनिंग झाले पाहिजे, आणि पुन्हा गरज पडली तर ते मागता आले पाहिजे. पुन्हा गरज पडते हेही खरे. सत्तरच्या दशकातले काही रंगीत कार्यक्रम आज केवळ कृष्णधवल फिल्मवर उरले आहेत. प्रत काढताना रंगाचा संकेत गाळायचे राहून गेल्यामुळे त्या चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटलेली असते. अनेक वर्षे तो दोष समजला गेला. मग त्याच ठिपक्यांतून मूळ रंग गणिताने परत काढता येतो हे काही तंत्रज्ञांनी सिद्ध केले, आणि २००८ मध्ये ‘डॅड्स आर्मी’चा एक भाग त्या पद्धतीने पुन्हा रंगीत झाला. कोणाच्या घरातल्या कॅसेटवरची नकलेवरून काढलेली नक्कल असती तर हे घडले नसते.

संस्थेच्या ताब्यात म्हणजे सुरक्षित, हा समजही थोडा तपासून घ्यावा. जी संस्था आज रिळे मागते आहे तिनेच ती एकदा जाळली होती, हे संग्राहक विसरत नाहीत, आणि त्यांना ते विसरायला सांगणेही अन्यायाचे आहे. नासासारख्या संस्थेला चंद्रावर माणूस उतरल्याच्या प्रक्षेपणाच्या मूळ फिती शोधताना २००९ मध्ये कबूल करावे लागले की, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म, जानेवारी २००३ च्या आगीत भस्मसात झाल्या. त्याच संग्रहालयाची पायाभरणी करताना पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे फाळके कुटुंबीयांकडून मिळवली होती, हेही इथे आठवावे. सरकारी संग्रह खासगी घरांतूनच उभा राहतो. घराने जपले म्हणून संस्थेला मिळते, आणि संस्थेत जळाले तर पुन्हा घराकडेच पाहावे लागते.

याचा अर्थ संग्राहक सगळे संत आहेत असा नाही. दुसऱ्या कोणाकडे नाही म्हणूनच आपल्याकडच्या वस्तूत आनंद मानणारी माणसे त्यांच्यात आहेत, आणि ती प्रत दुसऱ्याला मिळाली की आपल्याकडची कवडीमोल होते असे त्यांचे गणित आहे. त्यांच्यासाठी अभयपत्राचा काही उपयोग होणार नाही. पण त्यांनी एक रसायनशास्त्राची गोष्ट ध्यानात घ्यावी. या काळातली १६ मिलिमीटरची फिल्म अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची आहे. दमट आणि उबदार जागी ती हळूहळू विघटित होते, तिला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकडी होते आणि शेवटी प्रोजेक्टरमधून जाईनाशी होते. एका डब्यात सुरू झालेले हे विघटन शेजारच्या डब्यांनाही लागते. एकमेव प्रत लपवून ठेवणारा माणूस अशा रीतीने आपल्या ठेव्याचा स्वतःच नाश करत असतो. फक्त तो नाश त्याच्या हयातीत दिसेलच असे नाही.

हयातीचा मुद्दा इथे टाळता येत नाही. १९७५ मध्ये पंचविशीत असताना ज्याने पहिले रीळ विकत घेतले, तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या मागे राहिलेल्या पत्नीला किंवा मुलांना त्या खोलीभर डब्यांचे काय करायचे ते माहीत नसते, घर रिकामे करायचे असते, आणि भंगारवाल्याचा फोन नंबर हाताशी असतो. लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाच्या सहकार्याने काम करणारा ‘फिल्म इज फॅब्युलस’ हा न्यास नेमका इथे उभा आहे. संग्राहकांनीच उभारलेला हा न्यास वृद्ध किंवा दिवंगत संग्राहकांच्या घरी जाऊन त्यांच्या फिल्मची यादी करतो, आणि काय कुठे जावे याचा विचार त्यांच्याबरोबर बसून करतो. मला ही रचना सर्वांत योग्य वाटते, कारण तिच्यात प्रक्षेपण संस्था आणि संग्राहक यांच्यामध्ये एक तिसरा, दोघांचाही विश्वास असलेला माणूस आहे. ज्याला बीबीसीच्या विधी विभागाचे पत्र पाहून घाम फुटेल, तो आपल्यासारख्याच फिल्मवेड्या माणसाला चहा पाजून कपाट उघडून दाखवतो.

एक खंत मात्र नोंदवली पाहिजे. या सगळ्या धडपडीचा झोत एका मालिकेवर फार पडतो. ‘डॉक्टर हू’चे नाव निघाले की वर्तमानपत्रे मथळा देतात. त्याच खोलीतून एखादी विसरलेली एकांकिका किंवा प्रादेशिक वाहिनीचे बातमीपत्र निघाले तर दोन ओळीही छापून येत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये साठाहून अधिक ब्रिटिश नाट्यकार्यक्रम मिळाले, शॉन कॉनरी यांचे १९६० सालचे एक नाटकही त्यांत होते. माझ्या मते नाट्याभ्यासकाच्या दृष्टीने तो शोध कुठल्याही डालेकपेक्षा मोठा होता, पण त्याची आठवण फारच थोड्यांना आहे. संग्राहकालाही मग असेच वाटू लागते की, आपल्याकडे ‘ती’ मालिका नाही म्हणजे कामाचे काहीच नाही, आणि तो बाकीचे डबे निश्चिंतपणे टाकून देतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून गहाळ कार्यक्रमांसाठी जी मोहीम चालवते, तिच्यासारख्या उपक्रमांनी काय काय हरवले आहे याची साध्या भाषेतली, सर्वांना पाहता येईल अशी यादी सतत लोकांसमोर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. साउदॅम्प्टनच्या त्या अभियंत्याला आपल्याकडे काय आहे हेच ठाऊक नव्हते, आणि त्याच्यासारखे किती असतील ते मोजण्याचे साधन कोणाकडे नाही.

अभयाचे पत्र कसे असावे, याविषयी मला फार गुंतागुंत दिसत नाही. त्यात तीन वाक्ये पुरतील. ही फिल्म तुमच्याकडे कशी आली हे आम्ही आज विचारणार नाही आणि पुढेही विचारणार नाही. प्रत काढून झाल्यावर ही फिल्म आम्ही तुम्हाला, किंवा तुम्ही नसाल तर तुमच्या वारसांना, परत देऊ. तुमचे नाव तुमच्या इच्छेशिवाय आम्ही कोठेही जाहीर करणार नाही. सही विभागप्रमुखाची नको, कारण तो बदलतो. ती बीबीसी या महामंडळाच्या नावाने असावी. हे पत्र संग्राहकाने मागण्याची वाटही पाहू नये. ज्या वर्षी चित्रफिती पुसण्याच्या आदेशांवर सह्या झाल्या त्या वर्षी असे कागद तयार करायला बीबीसीला काही अडचण आली नव्हती.